‘पिक अप’ची सगळी भानगड, पायरीपायरीने

माझ्या संध्याकाळच्या इंग्लिश स्पीकिंगच्या बॅचमधला एक मुलगा आता पुण्यात सपोर्टच्या जॉबला लागलाय, त्याचा मागच्या महिन्यात फोन आला. कॉलवर बाहेरचा क्लायंट म्हणाला, "सेल्स आर फायनली पिकिंग अप", आणि या पठ्ठ्याने एकदम नम्रपणे विचारलं, "फ्रॉम व्हिच ॲड्रेस, सर?" याच्या डोक्यात पार्सल. दोन सेकंद शांतता, मग क्लायंट हसला, निभावलं कसंबसं, पण पोरगा रात्रभर झोपला नाही. मला म्हणतो, मॅडम, पिक अप म्हणजे उचलणे हे तुम्हीच शिकवलं होतं ना? शिकवलं होतं खरं, पण अर्धंच. म्हणून उरलेलं आता इथे लिहून काढतेय, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक सांगते म्हणजे मनाला बरं वाटेल. हा त्रास फक्त आपल्यालाच होतो असं नाही. सॅम्युअल जॉन्सनने 1755 साली त्याची मोठी इंग्लिश डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाच्या मागे एखादा छोटा शब्द चिकटवून अर्थ बदलायची जी आमची खोड आहे ती परक्या लोकांना सगळ्यात जास्त अवघड जाते. अडीचशेपेक्षा जास्त वर्षं झाली, खोड काही गेली नाही.

आणि आपल्यालाही असली खोड आहेच की. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यात काय फरक आहे हे कुणा अमराठी माणसाला समजावून बघा. ‘बोल’, ‘बोलून दाखव’, ‘बोलून बस’, ‘बोलून जा’... क्रियापद तेच पण शेपूट बदललं की भाव बदलला. इंग्लिशमधे शेपटाच्या जागी अप, ऑफ, आउट, ऑन असले शब्द येतात, एवढंच. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘ड्रिंक अप’ म्हणजे पिऊन टाक. पण ‘पिक अप’मधला अप हा ‘टाक’वाला नाही, तो खरोखरचा वर आहे. तिथूनच सुरुवात करू.

पहिली पायरी: आधी ‘पिक’ आणि ‘पिक अप’ वेगळे करा

इथे आपली गाडी सगळ्यात जास्त अडकते, म्हणून जरा थांबून बघा. मी वर्गात प्राजक्त आणि मोगऱ्याचं उदाहरण देते. सकाळी प्राजक्ताखाली सडा पडलेला असतो, फुलं जमिनीवर असतात, आपण वाकून वेचतो. हे झालं ‘पिक अप’. मोगरा मात्र झाडावर असतो, तो आपण खुडतो किंवा तोडतो. हे नुसतं ‘पिक’. पडलेलं असेल तर पिक अप, लागलेलं असेल तर पिक. कापूस वेचणीला सुद्धा इंग्लिशमधे ‘पिक कॉटन’च म्हणतात कारण कापूस बोंडातून काढायचा असतो, आपला ‘वेचणे’ हा शब्द दोन्हीकडे चालतो त्यांचा चालत नाही.

नुसत्या ‘पिक’चा दुसरा अर्थ निवडणे. टीम पिक करणे, रंग पिक करणे, पत्ता पिक करणे, पत्ता म्हणजे पत्त्यांच्या कॅटमधला.

आता आपण काय करतो, "आय विल पिक यू ॲट एट" म्हणतो आणि "व्हाय आर यू नॉट पिकिंग माय कॉल" असा मेसेज टाकतो. भारतात सगळ्यांना कळतं, कुणी अडत नाही. पण बाहेरच्या माणसाला पहिल्या वाक्याचा अर्थ ‘मी आठ वाजता तुझी निवड करीन’ असा लागतो, आणि दुसऱ्याचा काहीच लागत नाही. बरोबर रूप म्हणजे "आयल पिक यू अप ॲट एट", आणि फोनसाठी "यू आरन्ट पिकिंग अप" एवढंच पुरे, त्यात फोन हा शब्दही लागत नाही. नाहीतर सरळ "यू आरन्ट आन्सरिंग" म्हणा. हा एक ‘अप’ जोडायची सवय लागली तरी या लेखाचे पैसे वसूल, आणि लेख फुकट आहे.

उच्चाराचं पण इथेच सांगून टाकते. बोलताना ते लोक पिक आणि अप असे दोन तुकडे करत नाहीत, ‘पिकप’ असं एकत्र येतं, भूतकाळात ‘पिक्टप’. आणि ‘पि’ ऱ्हस्व ठेवा, ‘पीक’ केलंत तर ते शिखर होतं, मराठीत तर ज्वारी-बाजरी.

दुसरी पायरी: एक चित्र डोक्यात पक्कं करा

डिक्शनरी उघडली की पिक अपचे पंधरा-वीस अर्थ दिसतात आणि लोक ते पाठ करायला बसतात. पाठ करू नका, परवापर्यंत विसराल. चित्र एकच ठेवा: काहीतरी खाली किंवा कुठेतरी पडून आहे, आणि ते उचललं जाऊन तुमच्याकडे येतंय किंवा नुसतंच वर येतंय. बाकी सगळे अर्थ या चित्राची पोरंबाळं आहेत.

मराठीचा इथे मोठा फायदा आहे, आणि हा फायदा आपण घेतच नाही. आपलं ‘उचलणे’ हे क्रियापद पिक अपचं अर्धं काम आधीपासूनच करतंय. फोन उचलला: पिक अप. काल रात्री त्याला पोलिसांनी उचललं: पिक अप, अगदी शब्दाला शब्द, "द पोलीस पिक्ट हिम अप लास्ट नाइट". लग्नाचा सगळा खर्च मामाने उचलला: पिक अप, "हिज अंकल पिक्ट अप द बिल". पोरीने गावाकडची बोली लगेच उचलली: पिक अप. ही सवय कुठून उचललीस? पिक अप. चालताना आई ओरडते ‘पाय उचल जरा’, तर इंग्लिशमधली आई पण "पिक अप युअर फीट" असंच ओरडते. इतकंच काय, मागणीने उचल खाल्ली, जुन्या दुखण्याने उचल खाल्ली असं आपण म्हणतो ना, ती मागणीवाली उचल म्हणजेच माझ्या त्या विद्यार्थ्याच्या क्लायंटचं ‘सेल्स आर पिकिंग अप’. त्याने मनात ‘उचल’ हा शब्द जरी आणला असता तरी पार्सलचा पत्ता विचारला नसता.

तिसरी पायरी: पुढे कोणतं नाम आलंय ते बघा

उरलेल्या अर्ध्या ठिकाणी मराठीत वेगळं क्रियापद लागतं. ओळखायचं कसं? पिक अपकडे बघूच नका, त्याच्या पुढच्या नामाकडे बघा, अर्थ तिथे असतो.

माणूस असेल आणि जागा किंवा वेळ दिलेली असेल, तर घ्यायला जाणे. "आय हॅव टू पिक अप माय डॉटर फ्रॉम स्कूल" म्हणजे मला मुलीला शाळेतून आणायचंय. ब्रिटनमधे याच्यासाठी ‘कलेक्ट’ पण म्हणतात, "कलेक्ट द किड्स" ऐकून दचकू नका, कुणी मुलांची वर्गणी गोळा करत नाहीये.

सामान असेल तर दोन शक्यता. आधीच तयार आहे आणि फक्त ताब्यात घ्यायचंय, जसं लाँड्रीतले कपडे, झेरॉक्स, केकची ऑर्डर, तर ‘जाऊन घेणे’. आणि येता येता विकत घ्यायचं असेल तर ‘घेऊन येणे’. "कॅन यू पिक अप सम मिल्क ऑन द वे होम?" म्हणजे येताना दूध आण रे. यात मुद्दाम बाजारात जाणं नाहीये, वाटेत आहे म्हणून, सहज. ही सहजता लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या अर्थांत ती झिरपलेली आहे. "आय पिक्ट अप दिस बाइक फॉर टेन थाउजंड" असं कुणी म्हटलं तर त्याला सुचवायचंय की बघ, कशी स्वस्तात पटकावली.

भाषा, कौशल्य, सवय असेल तर पुन्हा तेच सहज. मुंबईत कामाला आलेला माणूस क्लास न लावता लोकल आणि बाजारात फिरून मराठी बोलायला लागतो, तेव्हा "ही पिक्ट अप मराठी". पण क्लास लावून, वही-पेन घेऊन शिकला असेल तर ‘लर्न’. इंटरव्ह्यूमधे बरेच जण "आय पिक्ट अप जावा फ्रॉम अ सिक्स-मंथ कोर्स" म्हणतात, चूक नाही म्हणणार मी, पण ऐकणाऱ्याला वाटतं की कोर्समधे लक्ष नव्हतं, इकडून तिकडून जरा कानावर पडलं. तिथे लर्न वापरा. उलट "आयम अ क्विक लर्नर" हे घासून गुळगुळीत झालेलं वाक्य टाळायचं असेल तर "आय पिक थिंग्ज अप क्विकली" म्हणा, छान वाटतं.

आजार असेल तर नकळत लागण. "ही पिक्ट अप अ कोल्ड ऑन द ट्रेन", ट्रेनमधून सर्दी घेऊन आला. बघा, मराठीतही आपण ‘घेऊन आला’ म्हणतो, जणू दुधाच्या पिशवीसोबत.

आवाज, सिग्नल, वास असेल तर पकडणे किंवा टिपणे. "द माइक इज पिकिंग अप द फॅन" हे वाक्य ऑनलाइन मीटिंगमधे हमखास ऐकू येतं, म्हणजे तुमच्या फॅनचा आवाज माइक ओढतोय, फॅन बंद करा. कोणीही माइकने फॅन उचलत नाहीये. रेडिओ स्टेशन पकडतो, कुत्रा वास पकडतो, रडार विमान पकडतं, सगळीकडे पिक अप. ही सगळी यंत्रं काय करतात, तर हवेत पसरलेल्या शंभर गोष्टींतून एक गोष्ट टिपतात. कोंबडी दाणे टिपते तसं.

वेग असेल तर धरणे. "द ट्रेन पिक्ट अप स्पीड", गाडीने वेग धरला. "पिक अप द पेस" म्हणजे जरा हात चालव, पाय उचल.

धागा, गोष्ट, चर्चा असेल तर पुढे चालू करणे. "लेट्स पिक अप व्हेअर वी लेफ्ट ऑफ", मागच्या वेळी जिथे सोडलं तिथून पुढे. आपण भाषणात ‘तोच धागा पकडून’ म्हणतो ना, त्यांचंही हुबेहूब तेच आहे, "पिक अप द थ्रेड".

बिल असेल तर भरणे, आणि यात दुसऱ्याचंही मी भरतो हा भाव असतो. स्वतःच्या एकट्याच्या चहाचे दहा रुपये दिलेत तर ते पिक अप होत नाही, चौघांचे दिलेत तर होतं. अमेरिकन लोक बिलाला ‘टॅब’ म्हणतात, "आयल पिक अप द टॅब" ऐकलं की बॅगेतला टॅब काढून देऊ नका.

पसारा असेल तर आवरणे, हे पण मुख्यतः अमेरिकन. "पिक अप युअर रूम" म्हणजे खोली आवर. खोली उचलायची नाही.

क्रिकेट ऐकताना तर पिक अपचा पाऊस असतो. बोलर विकेट पिक अप करतो म्हणजे मिळवतो, खेळाडू इंज्युरी पिक अप करतो म्हणजे दुखापत होते, आणि "ही पिक्ट अप द लेंथ अर्ली" म्हणजे बॉल कुठे पडणार हे बॅट्समनने आधीच हेरलं. कॉमेंटरी ऐकत हा शब्द मोजा, एका सेशनमधे वहीची एक ओळ भरेल, आणि प्रत्येक वेळी पुढचं नाम लिहा. माझ्या मते कुठल्याही वर्कबुकपेक्षा हे भारी.

चौथी पायरी: पुढे काहीच नसेल तर?

नाम शोधलं आणि सापडलंच नाही, तर गोष्ट स्वतःच वर येतेय. "बिझनेस इज पिकिंग अप", धंदा सावरतोय. "द विंड पिक्ट अप", वाऱ्याने जोर धरला. "थिंग्ज विल पिक अप आफ्टर दिवाली", दिवाळीनंतर गाडी रुळावर येईल. कर्ता इथे माणूस नसतो, धंदा, वारा, मागणी, ट्रॅफिक, तब्येत असलं काहीतरी असतं. आणि कर्ता माणूस असेल, पुढे काही नसेल, तर नव्वद टक्के वेळा फोनचा विषय आहे, "शी डिडन्ट पिक अप".

एक छोटी मेख. वाईट गोष्ट वाढली तर पिक अप सहसा म्हणत नाहीत. महागाईने जोर धरला असेल तर बातम्यांत "इन्फ्लेशन पिक्ट अप" लिहितात, ते चालतं, पण ताप वाढला तर "द फीव्हर पिक्ट अप" नाही म्हणायचं, "वेंट अप" म्हणायचं. तब्येत पिक अप झाली म्हणजे सुधारली.

पाचवी पायरी: ‘इट’ कुठे ठेवायचा

व्याकरणाचा नियम एकच आहे आणि तो तोडला की लगेच कानाला खटकतं. पिक आणि अप यांच्या मधे फट आहे. साधं, आटोपशीर नाम फटीत पण बसतं, बाहेर पण बसतं: "पिक अप द फोन", "पिक द फोन अप", दोन्ही बरोबर. पण सर्वनाम, म्हणजे इट, हिम, हर, देम, मी, यू, हे फटीतच बसलं पाहिजे. "पिक इट अप" बरोबर, "पिक अप इट" चूक. "पिक मी अप" बरोबर, "पिक अप मी" चूक. लोकलमधे तिसऱ्या सीटवर सडपातळ माणूस ‘जरा सरका’ म्हणत मधे बसतो, जाडा माणूस कडेला उभा राहतो, असं मी सांगते, मुलं हसतात पण विसरत नाहीत.

जाडा माणूस म्हणजे लांबलचक नाम. "पिक अप द पार्सल दॅट केम फ्रॉम नागपूर यस्टरडे", हे सगळं अपच्या नंतरच टाका, मधे कोंबलंत तर वाक्य संपेपर्यंत ऐकणारा अपची वाट बघत बसतो. आणि काही जोड्या फुटत नाहीत, ‘पिक अप स्पीड’ला कधी ‘पिक स्पीड अप’ करू नका.

तिरामिसू नावाचं डेझर्ट खाल्लंय का, कॉफीत भिजवलेल्या बिस्किटांचं? त्या इटालियन नावाचा शब्दशः अर्थ ‘मला वर उचल’ असाच आहे, पिक मी अप. इंग्लिशमधे ‘अ पिक-मी-अप’ म्हणजे मरगळ घालवणारं काहीही, चार वाजताचा कटिंग चहा म्हणा ना. ‘मी’ मधेच कसं बसतं ते यावरून लक्षात ठेवा.

सहावी पायरी: अपच्या मागे अजून एक शेपूट आहे का

इथे अर्थ एकदम वळण घेतो, पण मुख्य जोड्या तीनच आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही.

‘पिक अप ऑन’ म्हणजे समोरच्याने न सांगता आपण हेरणे. "शी पिक्ट अप ऑन हिज मूड", तो गप्प आहे हे तिने बरोब्बर टिपलं. इथे फट बंद, इट शेवटी जातो, "पिक अप ऑन इट". वरचा नियम इथे लावलात तर फसाल.

‘पिक समवन अप ऑन समथिंग’ हे ब्रिटिश, म्हणजे शब्दात पकडणे. मी मीटिंगमधे चुकीचा आकडा सांगितला आणि मॅनेजरने मला तिथेच पकडलं: "ही पिक्ट मी अप ऑन इट". गाडीत घेतलं नाही, झाडलं.

‘पिक अप आफ्टर’ म्हणजे कुणाच्या तरी मागे मागे आवरत फिरणे. बहुतेक आयांना या वाक्याचा अनुवाद लागणार नाही.

बाकी ‘पिक ऑन’ म्हणजे एखाद्याच्या मागे लागणे, ‘पिक आउट’ म्हणजे निवडून काढणे, ती वेगळी कुटुंबं आहेत, त्यांच्यात आज शिरत नाही.

सातवी पायरी: आपला घरचा ‘पिकअप’

मराठीत हा शब्द नाम म्हणून इतका मुरलाय की त्याचा इंग्लिश क्रियापदाशी काही संबंध आहे हेच आपण विसरलोय. गावाकडे पिकअप म्हटलं की मागे उघडा हौदा असलेली गाडी, टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे मार्केट यार्डला निघालेली. बाइकला पिकअप नाही म्हणजे घाटात रेस दिली तरी ओढत नाही. कंपनीच्या बसचा पिकअप पॉइंट. ऑनलाइन घेतलेली साडी परत करायची असली की ॲपवर येतो तो पिकअप शेड्यूल्ड, म्हणजे ते न्यायला येणार. क्रिकेटची बॅट घेताना दुकानदार म्हणतो पिकअप बघा हिचा, म्हणजे बॅट उचलताना हाताला हलकी लागते का. तराजूवर दोन बॅटी सारख्याच भरतात पण वजन दांड्याकडे आहे की खालच्या टोकाला त्यावर पिकअप बदलतो. आणि इलेक्ट्रिक गिटारवाल्यांचा पिकअप म्हणजे तारांच्या खाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, गुंडाळीत वीज तयार होते, ती ॲम्प्लिफायरला जाते. माइकने फॅन टिपला तसंच, गिटारने तार टिपली.

हे सगळं नाम. नाम असलं की जोर पहिल्या तुकड्यावर, ‘पि’वर, आणि लिहिताना एकच शब्द. क्रियापद असलं की जोर अपवर आणि लिहिताना दोन शब्द. ईमेलमधे ही चूक फार दिसते, "प्लीज पिकअप द डॉक्युमेंट" असं जोडून लिहितात. इथे क्रिया आहे, तोडून लिहा. "द पिकअप इज ॲट फाइव्ह", इथे नाम आहे, जोडा. शंका आली तर भूतकाळ करून बघा: "पिक्ट अप" होत असेल तर दोन शब्द.

बाइकच्या पिकअपचं सांगते, हा अर्थ अमेरिकन डिक्शनऱ्यांत आहे, आपण बनवलेला नाही, पण बाहेर बोलताना ‘ॲक्सिलरेशन’ म्हटलंत तर पटकन कळतं. नुसतं "माय बाइक हॅज नो पिकअप" म्हटलंत तर ऐकणारा विचार करेल, बाइकला हौदा कशाला हवा.

एक सावधगिरी

मुलं-मुली बाहेर शिकायला जातात तेव्हा मी हे मुद्दाम सांगते. अनोळखी माणसाशी ओळख काढून, गोड बोलून त्याला किंवा तिला पटवणे यालाही ‘पिक अप’च म्हणतात, त्यातूनच ‘पिकअप लाइन’ आली. म्हणजे "ही पिक्ट हर अप" याचे तीन अर्थ झाले: कडेवर घेतलं, गाडीत घेतलं, पटवलं. गोंधळ टाळायचा उपाय सोपा आहे, नातं आणि जागा बोला. "आय पिक्ट अप माय कझिन फ्रॉम द एअरपोर्ट" यात कुणाला काही वावगं दिसणार नाही. "आय पिक्ट अप अ गर्ल लास्ट नाइट" मात्र ऑफिसात बोलू नका, भले तुम्ही बहिणीच्या मैत्रिणीला स्टँडवरून आणलं असेल.

आठवी पायरी: जिथे मराठीत उचलणे आहे पण इंग्लिशमधे पिक अप नाही

वर मी उचलणेचं एवढं कौतुक केलं, आता त्याच्या खाचा. विडा उचलला: "टुक अप द चॅलेंज". बायकोवर हात उचलला: "रेज्ड हिज हँड". पगारातून उचल घेतली, किंवा ऊसतोडीला जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतली: "टुक ॲन ॲडव्हान्स". मागणी उचलून धरली: "सपोर्टेड". कुणाची कविता उचलली, म्हणजे उचलेगिरी: "कॉपीड" किंवा "लिफ्टेड". आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, याला तर इंग्लिशमधे काहीच उचलू नका, "स्पोक विदाउट थिंकिंग" म्हणा आणि पुढे चला.

फॉर्मल लिखाणातही जरा जपून. धंद्याच्या बातमीत "सेल्स पिक्ट अप" बिनधास्त चालतं, पण आयईएल्ट्सच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्लिश परीक्षेच्या, निबंधात दर दोन ओळींना पिक अप आलं तर शब्दसंपत्ती कमी वाटते. तिथे सुधारण्यासाठी रिकव्हर, शिकण्यासाठी ॲक्वायर, पकडण्यासाठी डिटेक्ट, पुढे चालू करण्यासाठी रिझ्यूम असं वाटून टाका. बोलताना मात्र उलटं करा, मित्राला "आय विल रिसीव्ह यू ॲट द स्टेशन" म्हणालात तर तुम्ही हार-तुरे घेऊन उभे राहाल असं तो समजेल.

सराव कसा करायचा

दहा दिवस, रोज तीन वाक्यं, जास्त नको. वाक्यं पुस्तकातली नकोत, आज खरंच जे घडलं तेच. मी मुलाला आणलं, येताना कोथिंबीर घेतली, वहिनींनी फोन उचलला नाही. झालं, तीन वाक्यं, तिन्ही पिक अप. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं, एकदा नाम घेऊन, एकदा इट-हिम-हर घालून, म्हणजे पाचवी पायरी तोंडात बसते. मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नाही. तीन-चार दिवसांनी घरातली कामं संपतील, मग बातम्या आणि क्रिकेटकडे वळा.

आता ही सहा वाक्यं मराठीत सांगा, खाली बघू नका.

"द स्टोरी पिक्स अप टेन इयर्स लेटर." "ही फेल डाउन, पिक्ट हिमसेल्फ अप अँड केप्ट रनिंग." "आफ्टर द फ्लड, फॅमिलीज हॅड टू पिक अप द पीसेस." "हू पिक्स अप द स्लॅक व्हेन यू आर ऑन लीव्ह?" "व्हेअर डिड यू पिक अप दॅट वर्ड?" "आय रँग ट्वाइस बट नोबडी पिक्ट अप."

पहिलं: गोष्ट दहा वर्षांनी पुढे सुरू होते, धागावाला अर्थ. दुसरं: पडला, सावरून उठला आणि धावत राहिला. तिसऱ्यात पुरानंतर घरोघरी विस्कटलेली घडी पुन्हा बसवावी लागली, तुकडे गोळा करणं हे मूळ चित्र, पण ‘घडी बसवणे’ जास्त चपखल बसतं. चौथं जरा अवघड आहे, स्लॅक म्हणजे दोरीचा ढिला पडलेला भाग, तो कुणीतरी ओढून धरायला हवा, म्हणजे तू रजेवर असताना तुझ्या वाटचं काम कोण ओढतं? पाचव्याला आई ज्या आवाजात ‘हा शब्द कुठून उचललास?’ म्हणते तोच आवाज वापरा. सहाव्यात पुढे काही नाही, कर्ता माणूस आहे, म्हणजे फोन. दोनदा रिंग दिली, कुणी उचलला नाही.